टोपीचं माप

— छे रे, घाबरलंय कोण? मी? मी फक्त खाली बघत नाहीये, एवढंच. आणि खाली बघण्यासारखं आहे तरी काय — बर्फ! एकदा बघितला, झालं. आणि तुझी बाही धरलीय ती आपली अशीच, हातमोजा घसरतोय म्हणून. वारा आला म्हणून ही चेअरलिफ्ट थांबवली म्हणतोस? एवढ्याशा वाऱ्याने? अरे, मी जन्मभर लिफ्टची कामं केली — आधी ठाण्याला, मग सिडनीत, चांगल्या उंच उंच टॉवरांमध्ये — पण त्याला लिफ्ट म्हणतात बाबा! चार भिंती असतात, दार असतं, आरसा असतो, माणूस भांग पाडत वर जातो. ही काय लिफ्ट आहे? तारेला बाकडं टांगलंय नुसतं! आणि खाली तो खुर्चीत बसवणारा मला हसत काय म्हणतो, 'नो वरीज, मेट!' तुला कशाला असतील रे वरीज, तू जमिनीवर उभा आहेस! बरं झालं, शेजारी तू मराठी निघालास. 'काका, सरकून बसा' म्हणालास आणि जिवात जीव आला. टोपी छान आहे हं तुझी. हाताने विणलेली दिसते.

आम्ही सिडनीतल्या स्कोफिल्ड्सचे. काल आलो गाडीने — कूमा गाव सोडल्यावर सुनीती, म्हणजे आमची मंडळी, प्रत्येक वळणाला गणपतीचं नाव घेत होती. ती गेली वर पुढच्या खुर्चीतून, लेकीबरोबर. आज श्रावणी सोमवार, तिचा उपास. एव्हाना वरच्या कॅफेत बसून गरम चिप्स खात असेल — बटाटा आहे, उपासाला चालतो! मी म्हटलं, अगं, त्याच तेलात ते काय काय तळत असतील. तर म्हणते, देव एवढ्या उंचावर तेल तपासायला येत नाही. घ्या! आणि आमची शाल्मली इथल्या दवाखान्यात डॉक्टर आहे. लोक मजेत गुडघे मोडून घेतात, ही जोडते. एका सीझनसाठी म्हणून आली होती, आता दुसरा चालू आहे. पंधरा दिवसांपूर्वी फोन — बाबा, स्नो बघायला या ना, वर कॅफेत तुमची एकाशी ओळख करून द्यायचीय. एकाशी! म्हणजे बघ, आमच्यात मुलाकडचे मुलीच्या घरी येतात, पोहे खातात, पंखा बघून घेतात आणि जातात. इथे मुलीच्या बापाला तारेला टांगून वर नेतायत मुलगा बघायला!

मुलगा? ग्लेन नाव. मूळ वसईचे, आता क्वेकर्स हिलला घर. कॅथलिक. घरी मराठीच बोलतात म्हणे — आमच्या शाल्मलीपेक्षा बरं. वडील मानवेल, आई मिल्ड्रेड, सगळी माहिती काढली सुनीतीने, तिच्या भिशीतल्या कुणाची तरी कुणीतरी ओळखीची निघाली. लग्न मांडवात की चर्चमध्ये, यावर हिची तीन वेळा झोप उडाली, आणि तिन्ही वेळा हिने मला उठवलं. मी म्हटलं, दोन्हीकडे करू, दोनदा जेवायला मिळेल. मला त्याचं काही नाही रे. नोकरीचंही नाही... बरं, आहे थोडं. मॉसन लेक्सच्या कॉलेजात इंजिनिअरिंग करत होता, ते दिलं सोडून, आणि आता इथे स्की पॅट्रोलमध्ये आहे — बर्फात कुणी पडलं, हरवलं, की जाऊन उचलून आणायचं. आणि उन्हाळ्यात बर्फ वितळल्यावर काय करतो? सायकलवाल्यांना उचलतो म्हणे! मनाशी ठरवून आलो होतो, सरळ नाही म्हणायचं. गाडीत पाठ करत आलो. बाळा, तू चांगला आहेस, पण. पुढचं 'पण' बरंच मोठं होतं.

खरं सांगू? — आई गं! हललं का हे? वारा, वारा, कळलं. — खरं सांगू का, मला लागलंय ते वेगळंच. ही पोरगी लहानपणापासून काहीही झालं की आधी मला फोन करायची. नळ गळतोय, बाबा. टायर बसलाय, बाबा. परीक्षेला पेन चालेना तर हॉलच्या दारातून फोन, बाबा, काय करू! मी काय करणार होतो तिथून? पण फोन मला. आणि गेल्या जूनमध्ये हिची गाडी बर्फावरून घसरून खड्ड्यात गेली, तेव्हा हिने फोन केला त्याला. मला आठ दिवसांनी कळलं, तेही सुनीतीच्या तोंडून निसटलं म्हणून. तो म्हणे वीस मिनिटांत पोचला, गाडीतून काढलं, थर्मास उघडून चहा पाजला. बरोबरच आहे ना! मी स्कोफिल्ड्सहून निघून पोचेपर्यंत ती गारठली असती. कळतं मला. पण त्या रात्री जेवण गेलं नाही बघ. सुनीतीला म्हटलं, पित्त झालंय.

हां, तर टोपी. सुनीतीने लेकीसाठी विणायला घेतली, म्हणाली, डोक्याचं माप पाठव. हिने पाठवलं. सुनीती टेप हातात धरून बघतच राहिली — अहो, हिचं डोकं एवढं कधी झालं? मी म्हटलं, डॉक्टर झालीय, भरलं असेल ज्ञानाने. विणली तरी बिचारीने. मरून रंग, वर पिवळा गोंडा, आणि मालिका बघत विणते म्हणून डाव्या कानावर एक टाका सुटलेला...

असा लाल होऊ नकोस. थंडीने झालाय म्हणणार असशील तर म्हण. मी काय दुधखुळा आहे, ग्लेन? तू शेजारी येऊन बसलास तेव्हाच टाका दिसला मला. तिनेच पाठवलं ना तुला खाली — बाबा उंचीला घाबरतात, त्यांच्या शेजारी बस, पण कोण ते सांगू नकोस? वाटलंच. म्हणून तर बोललो एवढं. समोरासमोर टेबलाशी नसतं जमलं मला, आणि इथून तू उठून जाऊ शकत नव्हतास.

हलली! चालली की रे! हे बघ, आता वर गेल्यावर आपण पहिल्यांदाच भेटतोय. मी नाव विचारीन, गाव विचारीन, पगार विचारीन — सुनीतीसमोर विचारावाच लागतो. जरा तोंड वाकडं करीन, थोडं घाबरू दे शाल्मलीला, तिने मला कमी घाबरवलंय का? तू घाबरू नकोस. आणि टोपी काढ — नको, राहू दे, सुनीतीला बघू दे कुणाच्या डोक्यावर बसलीय ती. दिसल्या बघ त्या दोघी, हात करतायत. ए, सोड की आता माझा हात, पोरगी बघतेय! काय? मीच धरलाय? — बरं, मग असू दे. उतरेपर्यंत असू दे. आणि आता गप्प बस जरा, मगासपासून नुसता बोलतोयस.