धडधड सगळ्यांनी बघितली

न्हाय मावशी, आयला बाहेर बोलवू नका, मलाच विचारा — छाती माझी हाय, आयची न्हाय. तुम्ही माझ्या होणाऱ्या नवऱ्याच्या, निकेतच्या सख्ख्या मावशी, उरणाहून एवढ्या उन्हात आलात, चहा घ्या, पण ते गोल गोल बोलणं नको. क्रांतीच्या हृदयाचं ऑपरेशन झालंय असं ऐकलं म्हणता? व्हय, झालंय. दोन वर्षं झाली. कुठे बघताय — गळ्याखाली? तिथे काय न्हाय. छाती फाडलेली न्हाय माझी. जांघेतल्या शिरेतून बारीक तार घातली, वर हृदयापर्यंत नेली, अन् आत बिघाड होता तेवढाच ठिपका जाळला. ॲब्लेशन म्हणतात. टाका एक न्हाय, दुसऱ्या दिवशी घरी.

एकोणीस वर्षांची होते पहिल्यांदा झालं तवा. अलिबागच्या बाजारात आयबरोबर मासळी विकत होते, कोळंबी मोजून देत होते गिऱ्हाइकाला — अन् छातीत एकदम सुरू. हळूहळू न्हाय, एकदम! ठोक्यावर ठोका, ठोक्यावर ठोका, डोळ्यांपुढे काळोख, मी त्या ओल्या फरशीवर आडवी. अर्ध्या तासाने आपलं आपण थांबलं, अन् दवाखान्यात नेईपर्यंत कार्डिओग्राम साफ. मंग काय? गॅस हाय. टेन्शन हाय. पोरीचं लग्न करून टाका, आपोआप जाईल — हे डॉक्टर म्हणाला, मावशी, शिकलेला डॉक्टर! आठ वर्षं हेच. शेजारणी म्हणायच्या कामाचा कंटाळा हाय, नाटकं करते. कोण म्हणायचं बाहेरचं लागलंय… हा दंडावरचा डाग बघताय ना मघापासून? तो डॉक्टरांचा न्हाय. भगताचा. विळा तापवून लावला. अन् माझा हात धरून ठेवलेला — जाऊ दे. कोणी का धरलेला असेना. — बापसाने. माझ्या बापसाने धरला होता. रडत होता, पण सोडला न्हाय. हे मी आजवर कोणाला बोलले न्हाय, तुम्हाला कशाला सांगतेय कोण जाणे… आत ऐकत असेल तो. ऐकू दे.

मंग ती मृणाल डॉक्टर आली अलिबागला, पोरसवदाच हाय. एक दिवस धडधड चालू असतानाच मी रिक्षात बसले, रिक्षावाल्याला म्हटलं कुठे थांबू नको, अन् थेट तिच्या टेबलासमोर जाऊन बसले. तिने लगेच कार्डिओग्राम काढला, पट्टी बघितली, म्हणाली, 'क्रांती, दोनशे दहा ठोके पडतायत मिनिटाला. हा तुझ्या मनाचा खेळ न्हाय गं.' हृदयात विजेची एक जादा वाट असते म्हणे काहींना, जन्मापासूनच, ठोका तिथेच गरगर फिरत राहतो. तिनेच मुंबईला पाठवलं.

भीती? वाटली की! जागी होते मी. पाय सरळ ठेव, हलू नको. काचेपलीकडे पाच-सहा जण, समोर हा एवढा पडदा. डॉक्टर म्हणाले, आता ती धडधड आम्ही मुद्दाम सुरू करणार. अन् केली! 'हीच का?' म्हटलं, 'हीच.' पडद्यावर रेघा नुसत्या उसळतायत, अन् सगळे बघतायत — अन् मी रडायला लागले. नर्स विचारते, दुखतंय का? न्हाय हो बाई, दुखतंय कुठे! आठ वर्षं ती माझी एकटीची होती, त्या दिवशी सगळ्यांनी बघितली. मंग जाळलं, छातीत जरा गरम लागलं. अन् नंतर त्यांनी पुन्हा सुरू करून पाहिली, औषध देऊन पाहिली, अर्धा तास खटपट — होईना!

मूल होईल का? होईल. डॉक्टरला विचारलंय. पुन्हा उलटलं तर? शंभरात चार-पाच जणांचं उलटतं, खोटं कशाला सांगू — उलटलं तर परत जाईन, परत जाळून घेईन. ह्यात माझा गुन्हा काय?

लपवलं? मी? मावशी, निकेतला मी पहिल्याच भेटीत सांगितलंय. किहीमला, समुद्रावर, सगळं, जांघेतल्या तारेपासून. तोच म्हणाला, आईला आत्ता बोलू नको, लग्न झाल्यावर मी बघतो. माझं चुकलं ते एवढंच, की मी ऐकलं त्याचं. —

काय झालं? चहा का खाली ठेवलात?

तुम्हाला माहीत नव्हतं हे. मंग घरी काय बोलला तो? — त्यालाही परवाच कळलं? अस्सं म्हणाला? — मी फसवलं म्हणाला?

हं.

न्हाय, रडत न्हाय मी. तुमच्यावर राग पण न्हाय, तुम्ही निरोप्या. तो कुठे हाय? मावशी, तुम्ही एकट्या खाडीपलीकडल्या करंजाहून लाँचने येणाऱ्यातल्या न्हाय. — खाली हाय? आपल्या रेवसच्या धक्क्यावर? तुम्हाला वर पाठवून स्वतः तिथे उभा हाय?

ही साखरपुड्याची अंगठी. तुमच्या हातात न्हाय देणार, हात मागे घ्या. त्याच्याच हातात देते. अन् उरणात जाऊन तुम्ही मोडलं असं सांगायचं न्हाय — मी मोडलं, क्रांतीने मोडलं, असं सांगायचं. आय, दार लावून घे गं.

तुम्ही सावकाश या मागून. मी पुढे होते.