पंधरा दिवसांनी तेच प्रश्न

अंजनगाव सुर्जीच्या शाळेत धम्मदीप व्हरांड्यातल्या बाकावर आपल्या नंबराची वाट पाहत बसला होता. त्याच्या पुढे खुशालरावांचा नंबर लागला होता. अमरावतीहून आलेल्या रश्मी मॅडम त्यांना नातीबद्दलची प्रश्नावली वाचून दाखवत होत्या.

“आजोबा, मागचेच प्रश्न आहेत.”

“काहून? माह्यं चुकलं होतं का?”

“नाही हो. पंधरा दिवसांनी तीच उत्तरं येतात का, ते पाहतो. त्यावरून आमचे प्रश्न पक्के आहेत की नाही, ते कळतं.”

“मंग विचारा. मी रिकामाच बसून राहिलो.”

“आरतीला एकच काम दोनदा सांगावं लागतं?”

“नाही.”

“मागे ‘नेहमी’ म्हणाला होतात.”

“तवा सांगा लागे.”

“वस्तू जागच्या जागी ठेवते?”

“सारं जाग्यावर हाय. दप्तरबी खुंटीवर हाय.”

“मनासारखं झालं नाही की ओरडते?”

“घरात आवाजच नाही.”

“पंधरा दिवसांत एवढा फरक? थांबा, आरती तुमच्याकडेच आहे ना?”

“तिच्या बापानं पुण्याले नेली. आठ दिवस झाले. तिकडच्याच शाळेत नाव टाकते म्हने.”

“अहो, आधी सांगायचं ना! मग हा फॉर्म धरता येणार नाही.”

“नका धरू. किती प्रश्न राहिले?”

“बावीस. पण मागे लोक थांबलेत, आजोबा.”

“मॅडम,” धम्मदीप बाकावरूनच म्हणाला, “मले घाई नाही. होऊ द्या त्याहिचं.”

मॅडमनी पान उलटलं.

“सकाळी आपणहून उठते?”

“कुठची उठते! तीन हाका मारा लागते तिले.”