आकाशीचं माप

डॉक्टर : बसा ना. उभ्या का?

बायको : आधी सांगा, मग बसते. गाठ आहे का यांना?

डॉक्टर : नाही. खडा होता. हरभऱ्याएवढा. काढला.

बायको : खडा?

डॉक्टर : खडाच. बसा आता.

बायको : पण परवा तुम्हीच म्हणालात, स्वादुपिंडात गाठ असू शकते.

डॉक्टर : म्हणाले, कारण स्कॅनमध्ये दोन्ही नळ्या फुगलेल्या होत्या. एक यकृताकडून पित्त आणते, दुसरी स्वादुपिंडाचा रस. शेवटी दोन्ही एकाच बारीक तोंडाने आतड्यात उघडतात. दोन्ही एकदम तुंबल्या की आधी गाठीचीच भीती वाटते. हा खडा नेमका त्या तोंडात रुतून बसला होता, स्कॅनला दिसलाच नाही. आज दुर्बीण घालून स्वादुपिंडही नीट तपासलं. स्वच्छ आहे.

बायको : म्हणजे तुंबलेलं पित्त रक्तात उतरलं, म्हणून हे पिवळे?

डॉक्टर : हो. अंगाची खाजही त्यामुळेच. पण इतक्या उशिरा का आणलंत?

बायको : काय सांगू. हे रंगारी. शाळेच्या भिंतींना पिवळा तेलरंग देत होते. मला वाटलं, तोच रंग अंगाला बसलाय. आठ दिवस रॉकेलच्या बोळ्याने मान घासत होते मी यांची. मग एका सकाळी डोळे पिवळे दिसले. डोळ्यांना कुठला रंग बसतो?

(पडद्यापलीकडच्या खाटेवर हालचाल होते.)

रंगारी : सोलून काढली मान. तेही सांग डॉक्टरांना.

बायको : जागे आहात?

रंगारी : "स्वच्छ आहे" म्हणाल्या तेव्हापासून. डॉक्टर, हा रंग उतरणार कधी?

डॉक्टर : दोन-तीन आठवडे. रॉकेलशिवाय. पित्ताशयात अजून खडे आहेत, ते पित्ताशयच पुढे काढून टाकू. आज पोटात कळ आली तर अंगावर काढायची नाही, लगेच सांगायचं. येते मी.

बायको : देवासारख्या भेटलात हो.

रंगारी : गेल्या त्या. डोळे पूस आता.

बायको : पुसते. आधी ही तुमची वही घ्या.

रंगारी : कुठली वही?

बायको : आव आणू नका. तीस वर्षं रंग मिसळायचं माप कुणाला सांगितलं नाहीत, सख्ख्या भावालाही नाही. आणि परवा स्कॅन करून आलात ते बसलात लिहायला. बावीस रंग लिहून वही माझ्या हातात दिलीत. मी काय दुधखुळी आहे? निरोप घेत होतात.

रंगारी : म्हटलं, माझ्यामागे तुझं अडू नये.

बायको : न्हाणीघरात नळ सोडून रडले मी.

रंगारी : माहीत आहे. बादली भरून वाहत होती, तरी नळ बंद होईना.

बायको : मग हाक का नाही मारलीत?

रंगारी : मारली असती तर डोळे पुसून हसत बाहेर आली असतीस.

बायको : आणि शेवटचा आकाशी अर्धाच का लिहिलात? पांढरा चार डबे, निळा... पुढे कोरं. हात दुखला?

रंगारी : नाही गं. म्हटलं, परत यायला एक तरी काम बाकी असू दे.