तिसरा जज वाचून राह्यला

हॅलो?… हॅलो? कोन, शकूरभाई का?… हाव, मी सुभद्राबाई. नागपूरहून. नारायणराव वकिलाच्या घरून बोलून राह्यली… बरी हाय. काल तार केली व्हती, माह्या सुनंले तुमच्या कापसाच्या जिनावर बोलावलं का?… आली? मंग द्या तिले. आन भाई, तुमी जरा बाहीर उभे राहा. सासू-सुनंचं बोलनं हाय… मेहरबानी.

हॅलो… सोजरे?… अवं बोल ना. मुंडी काय हालवतं, मले इथून दिसते का?… उलटं धरलं असंन. वायरीचा भाग तोंडाकडं कर… हां. आता आयकू येते.

पहिले रडनं थांबव. सहा मिनिटं भेटले हायेत, ते रडन्यात नको घालवू… नाही. नाही वं, फाशी कायम नाही झाली… सुटलाही नाही. आयक ना.

दोन जजाचं जमलं नाही.

जमलं नाही म्हंजे भांडन नाही झालं… सांगतो ना, दम धर. अकोल्याच्या जजानं तुळशीरामाले फाशी सांगतली, आपून समजलो झालं, आटपलं. ते आटपलंच नव्हतं. त्या एकल्या जजाच्या हातात फाशी देनं नसतेच. त्यानं फाशी लिहिली का सारी फाईल नागपूरले येते… आपून अर्ज करो का न करो, येतेच. वरचे दोन जज पुन्हा पहिल्यापासून वाचतात, ते कायम म्हनतीन तवाच दोरी. नारायणरावानं तीनदा सांगतलं तवा मले पटलं. एका मानसाचा जीव घ्याले सरकार एका मानसाच्या सहीवर इस्वास ठेवत नाही, सोजरे. आपल्या गावात तुह्या नवऱ्याले खुनी ठरवाले किती जन लागले? पारावरचे चार. तेबी चिलीम संपाच्या आत.

हाव, म्या माह्या डोयानं पाह्यलं. दालान एवढं उंच का शकूरभाईची कापसाची गंजी उभी मावंन. म्या वहाना बाहीर काहाडल्या. चपराशी हासला… त्याले म्हटलं, बापू, जिथं मरन-जगन ठरते तिथं मी वहान घालून नाही जात, तू जाय.

दोघं उंचावर बसले. एक जाड भिंगाचा, एक बारका. कोनी वरडत नाही. आपल्या पंचायतीत ज्याचा गळा मोठा त्याचं खरं. इथं जज हळूच इचारते, वकील उभा राहून हळूच सांगते, पंख्याचा आवाज जास्त. सारं अंग्रेजीत. पन मधात 'ज्वार' म्हटलं ना, ते माह्या कानाले लागलं.

हाव, जवारीच. आयक तर. रंगरावानं साक्ष देल्ली व्हती ना, का मी वावराच्या बांधावर, धुऱ्यावर उभा व्हतो, तुळशीराम किसनरावाले मारून कुऱ्हाड घेऊन पयाला, म्या वावरातून पयताना पाह्यला. तर तो बारका जज इचारते, तवा वावरात जवारी केवढी व्हती?… दिवाळी झाल्यावरची गोठ वं, हुरडा भरला व्हता. मानूस हात वर करून उभा राह्यला तरी दिसत नाही. त्या जजानं जलमात इळा धरला नसंन, त्याले हे कसं सुचलं, सांग. अकोल्याले कोनाच्याच डोक्यात नाही आलं. आपल्या वकिलाच्या नाही… माह्याही नाही. मले काय म्हनतं, तू त्याच वावरात निंदन केलं, तुले आलं का?

मंग म्या उभी राह्यली… हाव, कोर्टात. म्हटलं, साहेब, दीड पुरूस जवारी व्हती, म्या सोता पेरली… चपराशी धावला ना. वकील तर पांढरा पडला. पन त्या बारक्या जजानं चपराश्याले हातानं थांबवलं आन मले मऱ्हाटीत बोलला. म्हने, आजी, तुमचं खरं असंन, पन ते कागदावर नाही. खालच्या कोर्टात शपथ घेऊन कोनी सांगतलं नाही, म्हून मले आयकता येत नाही.

मले लय राग आला. एवढे शिकलेले, आन समोरचं खरं आयकत नाहीत… नाही, तोंडानं नाही बोलली. बसली. मंग तो भिंगवाल्याकडं वळून बोलला, ते नारायणरावानं मले नंतर समजावलं. म्हने, कागदावर जवारीची उंची नाही, म्हून रंगरावाले दिसलं हे पक्कं नाही. आन पक्कं नाही तर फाशी नाही… हाव वं. ज्या कागदानं मले बसवलं, त्याच कागदानं त्यानं तुळशीरामाले जित्तं धरून ठेवलं. म्या तर पदर तोंडात कोंबला.

भिंगवाला?… तो म्हने, कुऱ्हाडीवर रगत व्हतं. रंगरावाचं तुळशीरामाशी काही वाकडं नाही, तो खोटं काऊन बोलंन?… सोजरे, तो काही येड्यावानी नाही बोलला. आपल्या बाजूचा असो का नसो, मले त्याले शिव्या नाही देववत.

मंग दोघंही उठले. आधी तुमी, आधी तुमी करत एकाच दारातून आत गेले. आपल्याकडं धुऱ्यावरून दोन भाऊ तीन पिढ्या बोलत नाहीत, आन हे एकाच्या गळ्यावरून असे… आता दोघांनी आपापलं म्हननं येगयेगळं लिहिलं. ते तिसऱ्या जजापाशी गेलं. त्याचं जे म्हननं, तेच खरं. गुरवारी त्याच्यापुढं हाय. तो वाचून राह्यला म्हनते.

नाही, त्याले भेटता नाही येत. म्या नारायणरावाले इचारलं, तुपाचा डबा आनला हाय, नेऊन देऊ का. त्यानं असे हात जोडले मले… गेला तो डबा त्याच्याच सयपाकघरात.

आता माह्यं खरं काम आयक. तुह्ये हात… अवं मले मालूम हाय. अकोल्याहून आल्याबरोबर तू बांगड्या फोडल्या, माह्यासमोर, उखळावर. म्या हात नाही धरला. मलेबी वाटलं, गेला लेक. चुकली मी. आयकलं का? सुभद्राबाई चुकली म्हनते, हे पुन्हा आयकाले नाही भेटनार.

तीन-तीन जज वाचून राह्यले, आजून ठरलं नाही. आन आपून दोघी चुलीपाशी निकाल देऊन मोकळ्या.

काल जेलात भेटली त्याले. जाळीतून… दाढी वाढली. जेवते म्हनला. पहिले काय इचारलं मालूम? सोजरीच्या हातात बांगड्या हायेत ना?… रडू नको. रडू नको म्हटलं ना. म्या सांगतलं, कोपरापर्यंत हायेत.

लेकापाशी खोटं बोलली मी. जाळीच्या त्या बाजूले तो हासला, आन म्या इकडं उभ्या उभ्या खोटं बोलली.

आज घरी गेल्याबरोबर बांगड्यावाल्या चांदबीले बोलाव. हिरव्या भर. अंगनात बसून भर, दार उघडं ठेवून… पाह्यतीन तर पाहू दे. हासतीन तर हासू दे… गुरवारी तिसऱ्यानं फाशीच म्हटलं तर? तर लाटसायबापाशी दयेचा अर्ज हाय. त्याच्यावर विलायत हाय. आन तिथूनबी नाही आलं तर… तर मंग फोडजो. तवा तुह्या बाजूले मी बशीन. त्याच्या आदुगर नाही.

कोन बोलते मधात, फोन जोडनारा का?… थांब ना बापू, सहा झाले तर झाले… सोजरे, हाव म्हन. नुसतं हाव म्हन, मी ठेवतो… हॅलो?… सोजरे?… हॅलो?

नारायणराव, हे मुकं झालं. तिनं हाव म्हटलं का नाही, काही आयकू नाही आलं. पुन्हा लावा… खामगाव. जिनावरच असंन ती. लावा.