आग्रहाचा गोल

(सुलतानपूरचं मैदान. हाफटाइम. मेहकरच्या कॉलेजच्या मुलींची टीम इथं पाहुणी आली आहे. पूनम तिची कप्तान, उमैमा गोलकीपर.)

पूनम : एवढंच सांग. बॉल येऊन राह्यला होता तवा तुह्या हातात भज्याची प्लेट काऊन होती?

उमैमा : आजीनं दिली.

पूनम : कोणत्या आजीनं?

उमैमा : गोलच्या मांगं खुर्ची टाकून बसल्या नाहीत का? भिमाबाई. म्हणे, पोरी, केव्हाची एकटीच उभी आहेस, दोन भजे खा. दोन म्हणता म्हणता प्लेट भरली.

पूनम : मग खाली ठेवायची ना!

उमैमा : मातीत? अन्न? तू ठेवलं असतं? मी पाय तं लावला बॉलले.

पूनम : पाय लावला म्हणूनच आत गेला तो!

उमैमा : पण एक भजं नाही सांडलं. कसम से.

पूनम : एक-शून्यनं मांगं आहोत आपण, उमैमा. आठ जणींच्या टीमसमोर! त्यातल्या दोघी चपला घालून खेळून राह्यल्या. एक तं मधातच घरी जाऊन म्हशीले पाणी पाजून आली.

उमैमा : पाह्यलं मी. पंधरा मिनिटं तिची जागा रिकामी होती. तू तिकडून काऊन नाही गेली मंग?

पूनम : ती नसताना तिच्या जागेतून कशी जाऊ? बरं दिसते का?

उमैमा : हां, अन् भज्याचं मले विचारते!

पूनम : चूक जेवणाची आहे. मॅचच्या आधी जेवाले हो म्हणायलेच नको होतं.

उमैमा : नाही म्हणायले तोंड रिकामं होतं का कोणाचं? एसटीतून उतरलो नाही तं अकरा पोरी आठ घरी वाटून नेल्या. मी म्हटलं, काकू, दोन रोडगे बस. तं म्हणे, दोन तं आमच्याकडं दूधपिते लेकरं खातात. पाच झाले माहे.

पूनम : महामायाचे सात. तिच्यात अन् गोलपोस्टात आता फरक एवढाच, का पोस्ट ढेकर देत नाही. जिथं बसवली तिथं बसली आहे.

उमैमा : सर काय म्हणतात?

पूनम : इंद्रभान सर? पाह्य ना, कडुनिंबाखाली. तिसऱ्या वाटीच्या वरणानंतर 'डिफेन्स' म्हणाले अन् झोपले.

उमैमा : अन् तुहं काय झालं होतं बे? पुरा गोल खुला. समोर फक्त ती बारकी कीपर. पाय उचलला तू, अन् बॉल थेट त्या सोयाबीनच्या वावरात!

पूनम : पुष्पांजली नाव आहे तिचं. तिच्याच घरी जेवली मी. मी पाय उचलला, तं ती म्हणे, "ताई, पोट दुखत नाही ना? आई इचारून राह्यली होती." आता अशा पोरीच्या अंगावर मारू का बॉल?

उमैमा : मग?

पूनम : म्हटलं, नाही वो, वांग्याची भाजी एक नंबर झाली होती. तेवढ्यात पाय लागून गेला.

उमैमा : आपण ना, हरत नाही. आपण मॅच सोडून येतो. जळगाव जामोदची मॅच आठव.

पूनम : नको काढू ते.

उमैमा : त्यांच्या तीन पोरींची एसटी चुकली, तं कोण म्हणे, "आमच्यातल्या तिघी घ्या, तुम्ही कमी कशा खेळसान"? कप्तान म्हणे! अन् आपल्याच पूर्वानं आपल्यावर दोन गोल मारले.

पूनम : तिनं माफी मागितली ना.

उमैमा : प्रत्येक गोलच्या आधी मागितली! म्हणून तं मी हात जोडून उभी होती.

पूनम : हसू नको, उमैमा. आज हसू नको. प्राचार्य काय म्हणाले, तुले माहीत आहे. दोन वर्षांत एक मॅच नाही जिंकली. आज जिंकलो तं टीम राहते. नाही तं सोमवारपासून कॉलेजच्या मैदानावर गाड्यांचा स्टँड. बरोबरीही चालत नाही म्हणाले.

उमैमा : माहीत आहे यार.

पूनम : तुले माहीत आहे, पण तुले काय फरक पडते? तुह्या घरी तू गच्चीवर बसली तरी कोणी इचारत नाही. माह्या घरी चार ते सहा हे दोनच तास आहेत, जवा मले कोणी चहा मांड म्हणत नाही, दळण आण म्हणत नाही. "पूनमची प्रॅक्टिस आहे" म्हणतात. एवढ्या मोठ्या घरात माहं म्हणून तेवढंच आहे.

उमैमा : हे तू कधी बोलली नाही.

पूनम : बोलाले वेळ कुठं होता? चार ते सहा खेळत होती ना.

पुष्पांजली : ताई, ताक. थंडं आहे. तुम्ही दोघी राह्यल्या होत्या.

उमैमा : आली अन्नपूर्णा! पुष्पांजली, तू आमची दुश्मन आहेस, माहीत आहे का तुले?

पुष्पांजली : हाव. पण ताक घ्या. अन् ताई, मी आयकलं. खरंच टीम बंद होते तुमची?

पूनम : कोणाले सांगू नको.

पुष्पांजली : मग सोपं आहे ना. मी बाजूले होते. तुम्ही मारा. दोन लागतात ना? दोन घ्या. तीन घ्या, दोनानं काय होते!

उमैमा : या अल्लाह! घे, पूनम. पटकन हो म्हण.

पूनम : नको.

पुष्पांजली : काऊन नको?

पूनम : तसा नको, पुष्पा.

पुष्पांजली : आमच्या घरचं जेवण चाललं, अन् गोल नाही चालत?

उमैमा : पाह्य, राग आला तिले! आता गोल नाही घेतला तं गावाचा अपमान अन् घेतला तं तुहा. पाच रोडगे खाऊनही मले एवढं समजून राह्यलं, आता तूच सांग काय करायचं ते.

पूनम : पुष्पा, इकडं पाह्य. तुले गोल अडवता येते का?

पुष्पांजली : काय माहीत.

पूनम : काय माहीत म्हणजे?

पुष्पांजली : जोरात कोणी मारलाच नाही आजवर. मी बारकी दिसते ना. लोणारच्या पोरी आल्या, त्या हळूच सरकवून गेल्या. आमचे सर प्रॅक्टिसले हातानं टाकतात. गोकुळदादा पंच आहे, तो तं म्हणते, पोरीले लागलं तं मी मॅच बंद करीन. सहा मॅच झाल्या, ताई. माहे हे हातमोजे पाह्या, कोरेच आहेत.

उमैमा : अन् तू अशीच उभी राहते?

पुष्पांजली : पाहुण्यांले काही लागलं तं पाहत असते.

पूनम : मग आयक. आता मी जोरात मारणार. पूर्ण ताकदीनं, तुह्यावरच. तू अडवायचं. बाजूले झाली तं मी तुह्या घरी पुन्हा पाय ठेवणार नाही.

पुष्पांजली : खरंच मारसान?

पूनम : खरंच.

पुष्पांजली : आईची शपथ घ्या.

पूनम : तुह्या आईच्या वांग्याची शपथ. चाल, शिट्टी झाली.

उमैमा : पूनम! अगं, जाऊ दे उजवीकडून! हां! मार!... अरे बापा, अडवला तिनं!

पूनम : उमैमा, तू इथं काय करून राह्यली? तुहा गोल तिकडं आहे!

उमैमा : तिकडं कोणीच येत नाही. त्यांच्या चौघी चहा ठेवाले गेल्या. लागलं का वो, पुष्पांजली?

पुष्पांजली : हाव! ताई, हातभर लागलं! पाहा, हातमोजा फाटला! पुन्हा मारा!

उमैमा : ही पोरगी हसून राह्यली. हिले आवरा कोणी.

पूनम : महामाया, सरक तिथून! सरक! बॉल येऊन राह्यला!

उमैमा : नाही सरकत ती. पाठीवर लागला तिच्या... आत गेला! पूनम, आत गेला! एक-एक!

पुष्पांजली : हा धरायचा का, ताई? हा तं तुम्ही मारलाच नाही.

पूनम : गोकुळदादा धरून राह्यले. चाल, माहा गोल बाकी आहे अजून.

उमैमा : किती वेळ राह्यला, दादा? चार मिनिटं? पूनम, चार! बाई, तिले सवय होऊन राह्यली अडवायची, आता तिसरा पण अडवला तिनं! तू हिले खेळ शिकवाले आली का गोल माराले?

पूनम : गप्प बस. पुष्पा, तयार?

पुष्पांजली : तयार! डोळे उघडे ठेवते यावेळी.

पूनम : यावेळी?

पुष्पांजली : मारा ना ताई!

उमैमा : गेला. पूनम. गेला तो. उडी मारली तिनं, पूर्ण, अन् तरी गेला. शिट्टी. दोन-एक. पूनम, आपण जिंकलो बे! ए, सरांले उठवा! पोरींनो, जिंकलो! भिमाबाई, जिंकलो आम्ही!... हो हो, आणा, भजे आणा, आता दोन्ही हात रिकामे आहेत!

पुष्पांजली : ताई.

पूनम : लागलं का कुठं? दाखव. गुडघा फुटला तुहा.

पुष्पांजली : राहू द्या तो. मी बॉल पाह्यला होता. हातही बरोबर गेला होता. मग तो गेला कुठून?

उमैमा : पूनम, पाच वीसची एसटी लागली! सर चढले पण! झोपेतच चढले!

पूनम : तुम्ही व्हा पुढं. मी मांगच्या एसटीनं येते.

उमैमा : घरी काय सांगू?

पूनम : सांग, पूनमची प्रॅक्टिस आहे. पुष्पा, तू हात आधी टाकते अन् मग पाय. उलटं कर. जा, उभी राह्य तिथं.

पुष्पांजली : हळू नाही ना मारणार?

पूनम : नाही. उमैमा, जाता जाता तो बॉल इकडं लाथाळ.