उजवी बाजू

—अगं पोरी, ते दार ओढू नकोस, तारेनं बांधलंय! बस नीट, इथं माझ्या उजवीला. मोलोलाच ना? चल मग. आणि धुराचं म्हणशील तर — खरंय, धूर आहे. माझी बायको लुर्देस याच धुरानं खोकून खोकून गेली, मी कशाला नाकारू? येऊ दे की विजेची जीप! पण मला बसवतील का तिच्यात? उद्या आम्हा जीपवाल्यांच्या संस्थेची परीक्षा आहे, पास झालो तरच नवी गाडी. बत्तीस वर्षं हारो ते मोलो जीप हाकतोय, आणि आता या म्हाताऱ्या दोमेंगला अक्षरांच्या तक्त्यासमोर उभं करून म्हणणार, वाचा, मनोंग दोमेंग! — भीती वाटते गं.

तशी तयारी केलीय. तक्ता पाठच केलाय — ई, मग एफ पी, मग टी ओ झेड — डोळे मिटून म्हणतो. मिटूनच म्हणायला हवा, कारण उजवा... जाऊ दे. आता निघालंच तोंडातून तर ऐक — उजव्या डोळ्यानं दोन वर्षं काही दिसत नाही. मग चालवतो कसा? कानानं! तिकडून ट्रायसिकल फटफटत येते, मागून कुणी उतारू टपावर नाणं आपटून ‘लुगार लांग’ ओरडतं, की थांबायचं. पण या विजेच्या ट्रायसिकलला आवाज कुठाय? परवा एक उजवीकडून आली, मला पत्ताच नाही — एका बाईची आंब्यांची टोपली रस्ताभर झाली. बाई वाचली. वाचली म्हणून मी आज इथं बसलोय. आणि उद्या मला देतील ती गाडीही तशीच मुकी — लोकांना मी ऐकू येणार नाही, मला लोक दिसणार नाहीत. पण नाही चालवली तर खाऊ काय?

लागला सिग्नल. थांब, तुझं तोंड तर बघू दे, मला मान अख्खी वळवावी लागते —

गळ्यात काय गं ते? लाल पट्टा, ओळखपत्र... संस्थेचं? परीक्षक?

मॅडम. मॅडम, मी थट्टा करत होतो हो! म्हातारा माणूस, जिभेला हाड नाही — लिहू नका कुठं. हसा तरी. काहीतरी बोला!

हिरवा झाला. मागचे हॉर्न मारतायत. मला उजवीकडे वळायचंय, मॅडम — तुमच्या बाजूला. तिकडून काही येतंय का?

...मॅडम?