करणचा दिनविशेष

— नाही हो सुहासराव, चार्जिंगचं नाही म्हणत मी, चार्जिंग उत्तम आहे. मेसेजच जात नसणार. नीट बघा, मोबाईल तुमच्याच दुकानातून घेतलाय मी. रोज पहाटे साडेपाचला ग्रुपवर परिपाठ टाकतो मी — आजचा शब्द, त्याचा अर्थ, खाली दिनविशेष. तेहतीस वर्षं शाळेच्या फळ्यावर लिहिलं, रिटायर झालो तरी हात शिवशिवतो, दुसरं काय! ग्रुप माझ्या जुन्या सातवीच्या मुलांचा, एक्केचाळीस जण. मागच्या वर्षी गेट-टुगेदर केलं त्यांनी, मला शाल घातली, रुपालीनं तिथल्या तिथं ग्रुप काढला — गुरुजी, रोज लिहा म्हणाली. लिहितो. उत्तर? उत्तर कोण देतंय, अधूनमधून एखादा अंगठा. कामाधामाची माणसं, माझं काही म्हणणं नाही. मोकळा काय तो मीच. रविवारी लेकीचा, मनवाचा फोन येतो पुण्याहून, बाकी आठवडाभर घरात आवाज म्हणजे कुकरचा — पण ते जाऊ द्या. मंगळवारचं उत्तर यायला हवं होतं. एकाचं तरी.

काय लिहिलं होतं? वाचा की. बारा ऑगस्ट. आजचा शब्द : शहानिशा. अर्थ : नीट चौकशी करून खात्री करणे. खाली विक्रम साराभाईंचा जन्म, आणि त्याच्याखाली — तेच, तेच — '२००४ : करण यास वर्गासमोर मारले. कंपासपेटी त्याने घेतली नव्हती. चूक शिक्षकाची.' बघता काय असं? थोरामोठ्यांचे दिवस असतात तसे आपलेही असतातच की. माझ्या डायरीत तारीख आहे. रुपालीची कंपासपेटी हरवली, नवीकोरी, आणि मी कुणाला विचारलं नाही, दप्तरं बघितली नाहीत, सरळ करणला उभं केलं. का? तर त्याच्याकडे स्वतःची नव्हती म्हणून. एवढंच. छडी मोडेस्तोवर मारलं हो. पोरगं एकच म्हणत होतं, 'गुरुजी, म्या न्हाई घेतली, आईच्यान न्हाई.' दुसऱ्या दिवशी पेटी रुपालीच्याच घरी गोधडीत सापडली. तिनं हळूच येऊन सांगितलं मला. मग? मग काय — मी म्हटलं, बस जागेवर, आणि भूगोल शिकवायला घेतला. वर्षभर पोरं त्याला चोर म्हणत होती. मला ऐकू येत होतं. आज दोन जेसीबी आहेत त्याचे, इथंच राशीन रोडला राहतो, गेट-टुगेदरला आला तेव्हा पाया पडला माझ्या. मला मान वर करवेना. मारलं चारचौघांत, तेव्हा माफीही चारचौघांतच मागावी, असं ठरवलं मी. तर आदिनाथनं खाली एक हसरं तोंड टाकलं, आणि बाकी सगळे गप्प. म्हणून म्हणतो, करणपर्यंत मेसेज गेलाच नसणार, नाहीतर तो —

कुणी वाचलं ते दिसतं? बोट दाबून धरायचं? मला कुठं माहीत. बघा मग. करण सापडला? वाचलंय? किती वाजता — पाच बत्तीस? म्हणजे दोन मिनिटांत! चूक असेल. सोमवारचं बघा. पाच एकतीस... सगळ्यांच्या आधी? रविवारचं? अहो, जेसीबी कामावर निघायच्या आधी वाचत असणार. मागं जा, अजून मागं — नगरचा स्थापना दिवस टाकला होता मी मे महिन्यात — तोसुद्धा? रोज? मला वाटायचं, मी आपला भिंतीशी बोलतोय, आणि हा पोरगा रोज पहाटे...

बुधवारचं बघा की. काय झालं? उघडलंच नाही? गुरुवारचं? पंधरा ऑगस्टचंही नाही? आजचं?

हं.

वीस वर्षं झाली होती हो. त्या एक्केचाळिसांतल्या निम्म्यांना आठवतही नसेल. मीच आठवण करून दिली, पुन्हा सगळ्यांसमोर उभं केलं त्याला. घरी जायचं, दार वाजवायचं, एकट्याला सांगायचं — दहा मिनिटांचा रस्ता आहे. तेवढं धैर्य झालं नाही मला. फळ्यावर लिहायला धैर्य लागत नाही.

अहो, काय करताय? नका लावू त्याला फोन. ठेवा म्हणतो ना! द्या इकडे. त्या बाई कधीच्या थांबल्यात मागं, त्यांचं बघा.